पडद्यावरचा आकडा, तिजोरीतला माल

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून, म्हणजे नाणी ठेवण्याच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो नाणी चोरीला गेली. कंपनीने पैसे आणि नाणी काढण्याची सोय ताबडतोब थांबवली. ग्राहकांच्या मोबाइलवर ॲप मात्र उघडत होते आणि त्यात शिल्लकही दिसत होती. चाळीस लाखांहून अधिक खातेदारांपुढे त्या दिवशी एकच प्रश्न होता: हा आकडा अजून आपला आहे का?

आकडा खोटा नव्हता. त्याचा अर्थ मात्र बहुतेकांना वाटत होता त्याहून वेगळा होता. तुम्ही एक्स्चेंजवर बिटकॉइन विकत घेता तेव्हा बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, बहुधा काहीच घडत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संगणकात एका ओळीतला आकडा कमी होतो आणि दुसऱ्या ओळीतला वाढतो. सगळ्या ग्राहकांची नाणी कंपनीच्या ताब्यातल्या मोठ्या वॉलेटांमध्ये एकत्र पडून असतात. तुम्ही ती स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेता, तेव्हा पहिल्यांदा ब्लॉकचेनवर तुमच्यासाठी हालचाल होते. तोवर तुमच्या हाती असते ती कंपनीची कबुली: आम्ही तुमचे इतके देणे लागतो.

एक्स्चेंज पारखायचे म्हणजे या कबुलीची पारख करायची. ती देणारा कोण, त्याच्याकडे तेवढा माल आहे का, आणि त्याने शब्द फिरवला तर दाद कुठे मागायची? जाहिरात, ॲपची सफाई, नामवंत खेळाडूचा चेहरा यांतून या तिन्हीपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

पावती आहे, रोखे नाहीत

मुंबईचा वित्तबाजार हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या काळात बँका आपसांत सरकारी रोख्यांचे व्यवहार करताना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ देत. बाजारात तिला बीआर म्हणत. रोखे आमच्याकडे आहेत, ते तुमचेच समजा, असे सांगणारी ती पावती. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी पाठीशी रोखे नसताना अशा पावत्या दिल्या आणि मोठमोठ्या बँकांनी त्या खऱ्या धरल्या. लोकांच्या लक्षात हर्षद मेहताचे नाव राहिले, पण घोटाळा चालला तो माल नसलेल्या पावतीच्या जोरावर.

त्यानंतर व्यवस्था बदलत गेली. १९९६ मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली आणि शेअर कागदावरून डिमॅट खात्यात आले. आज शेअर घेताना सौदा जुळवतो तो बाजार वेगळा, ऑर्डर टाकणारा दलाल वेगळा, हिशेब चुकता करणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन वेगळे आणि शेअर कोणाच्या नावावर आहेत याची नोंद ठेवणारी डिपॉझिटरी वेगळी. या सगळ्यांवर सेबीची नजर असते.

ही विभागणी कशासाठी, ते २०१९ मध्ये दिसले. हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर परस्पर तारण ठेवून कर्जे उचलली. सेबीने २२ नोव्हेंबरला आदेश काढून कंपनीला रोखले आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच ८२ हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत वळते झाले. दलालाने गैरव्यवहार केला, तरी कोणता शेअर कोणाचा हे सांगणारी त्रयस्थ नोंद शाबूत होती आणि आदेश काढणारी संस्थाही होती.

बहुतेक क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये या भिंती नसतात. बाजार तीच कंपनी, दलाल तीच, तिजोरी तीच, हिशेबनीसही तीच. काही ठिकाणी तर मालकाचीच दुसरी कंपनी त्याच बाजारात सौदे करत असते. त्यामुळे शेअरबाजारात जी पारख कायदा आणि संस्था मिळून करतात, ती इथे ग्राहकाला स्वतः करावी लागते.

समोर नेमके कोण आहे?

कॅनडातले क्वाड्रिगासीएक्स हे एकेकाळी त्या देशातले सर्वांत मोठे क्रिप्टो एक्स्चेंज होते. त्याचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आला असताना जयपूरमध्ये वारला. तो तीस वर्षांचा होता. कंपनीने महिन्याभराने ही बातमी जाहीर केली आणि नाण्यांच्या वॉलेटांच्या चाव्या, म्हणजे ती उघडणारे गुप्त संकेत, एकट्या कॉटनलाच ठाऊक होत्या, असे सांगितले. पुढे हिशेब तपासनिसांनी ती वॉलेटे शोधली, तेव्हा त्यांतली बहुतेक एप्रिल २०१८ पासूनच रिकामी असल्याचे आढळले.

ओंटारिओ सिक्युरिटीज कमिशन या तिथल्या रोखे नियामकाने जून २०२० मध्ये चौकशीचा निष्कर्ष मांडला. कॉटनने आपल्याच एक्स्चेंजवर खोट्या नावांनी खाती उघडली होती. त्या खात्यांत अस्तित्वात नसलेले डॉलर आणि नाणी जमा दाखवून तो खऱ्या ग्राहकांशी सौदे करत असे. ग्राहकांची खरी नाणी बाहेर जात राहिली आणि पडद्यावर आकडे उरले. ७६ हजारांहून अधिक ग्राहकांचे मिळून सुमारे १६.९ कोटी कॅनेडियन डॉलर बुडाले.

यातले किती बाहेरून दिसू शकले असते? बरेच. कंपनीचे लेखापरीक्षण केलेले ताळेबंद नव्हते. शेअरबाजारात नोंदणी करण्याचा बेत २०१६ मध्ये बारगळला होता आणि त्यानंतर हिशेबाची वहीदेखील नीट ठेवली गेली नव्हती. कारभार एका माणसाच्या लॅपटॉपवरून चालत होता. कोणत्याही रोखे नियामकाकडे कंपनी नोंदलेली नव्हती. यातली एकेक गोष्ट गुन्हा सिद्ध करत नाही, पण सगळ्या मिळून सांगतात की इथे एका माणसाच्या शब्दाखेरीज काही नाही.

म्हणून पहिली तपासणी ब्रँडमागच्या कंपनीची. ॲपचे नाव एक असते आणि करार दुसऱ्याच नावाच्या कंपनीशी होतो. ज्या अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदांत कामाची माहिती असते: कंपनीचे कायदेशीर नाव, ती कोणत्या देशात नोंदली आहे, कोणत्या देशाचा कायदा लागू होईल आणि वाद कुठे चालेल. सेशेल्स किंवा ब्रिटिश व्हर्जिन आयलंडमध्ये नोंदलेल्या कंपनीविरुद्ध साताऱ्याच्या ग्राहकाने दावा लावायचा म्हणजे काय, याचा विचार खाते उघडण्यापूर्वी करावा.

वझीरएक्सच्या बाबतीत मालकीचा गोंधळ हल्ल्याच्या दोन वर्षे आधीच चव्हाट्यावर आला होता. बायनान्स या परदेशी एक्स्चेंजने २०१९ मध्ये वझीरएक्स विकत घेतल्याचे जाहीर केले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बायनान्सच्या प्रमुखांनी तो व्यवहार पूर्णच झाला नसल्याचे जाहीरपणे सांगितले आणि वझीरएक्सच्या संस्थापकांनी त्याच्या उलट सांगितले. मालक कोण यावर दोन्ही बाजूंचे एकमत नसेल, तर नुकसान झाल्यावर भरपाई कोण देणार? भारतीय ग्राहकांना हे उत्तर शेवटी सिंगापूरच्या न्यायालयातल्या प्रक्रियेतून मिळाले, कारण नाण्यांचा ताबा तिथल्या कंपनीकडे होता. तोडगा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाला आणि व्यवहार पंधरा महिन्यांनी पुन्हा सुरू झाले.

पैसे कोणाच्या खात्यात जातात?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलेल्या एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. त्यातला एक तपशील सामान्य ग्राहकाला फार उपयोगी आहे. या एक्स्चेंजवर डॉलर भरणाऱ्या अनेक ग्राहकांना ‘नॉर्थ डायमेन्शन’ नावाच्या कंपनीच्या बँक खात्यात पैसे पाठवायला सांगितले जात होते. ही कंपनी एफटीएक्सची नव्हती. संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याच्याच अलामेडा या सट्टा करणाऱ्या कंपनीच्या वर्तुळातली ती होती. म्हणजे ग्राहकाचा पैसा पहिल्या पावलालाच दुसऱ्याच्या खिशात पडत होता आणि तो शोधायला कुठल्या गुप्त कागदांची गरज नव्हती. बँकेची स्लिप वाचली असती तरी नाव दिसले असते.

एफटीएक्सच्या करारात नाण्यांची मालकी ग्राहकाचीच राहील असे स्वच्छ लिहिलेले होते. तरीही ग्राहकांचे सुमारे आठ अब्ज डॉलर गायब झाले. करारातला शब्द न्यायालयात उपयोगी पडतो. पैसे मात्र कोणत्या खात्यात गेले हे पाहूनच कळते.

आपल्याकडे ही तपासणी रोजच्या उपयोगाची आहे. परदेशी एक्स्चेंजवर रुपये बहुधा थेट भरता येत नाहीत, म्हणून लोक पी२पी मार्गाने जातात: समोरच्या अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवायचे आणि एक्स्चेंजवर त्याच्याकडून नाणी घ्यायची. नाणी विकताना याच्या उलट. विकताना तुमच्या खात्यात आलेला पैसा कुठल्या तरी सायबर फसवणुकीतला निघाला, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचे खाते गोठवते. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसण्याची वेळ प्रामाणिक माणसावर येते. जो व्यवहार कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात होत नाही, त्याची जबाबदारीही कंपनी घेत नाही, हे गृहीत धरावे.

साठ्याचा पुरावा: किती पुरावा, किती देखावा

एफटीएक्स बुडाल्यावर अनेक एक्स्चेंजनी ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ म्हणजे साठ्याचा पुरावा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कल्पना चांगली आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी.

त्याचे दोन भाग असतात. एका बाजूला कंपनी आपल्या वॉलेटांचे पत्ते जाहीर करते आणि ब्लॉकचेन सार्वजनिक असल्याने त्यांत किती नाणी आहेत हे कोणीही पाहू शकतो. दुसऱ्या बाजूला ग्राहकांची एकूण देणी दाखवायची असतात, पण कोणाचे नाव उघड न करता. त्यासाठी प्रत्येक खात्याची ओळख आणि शिल्लक यांचा एक गणिती ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. दोन ठसे एकत्र करून त्यांचा नवा ठसा, अशा दोन नव्यांचा आणखी एक, असे करत वर चढत गेले की टोकाला एकच ठसा उरतो. या रचनेला मर्कल ट्री म्हणतात. तुमच्या शिल्लकीत एका पैशाचा फरक केला तरी टोकाचा ठसा बदलतो. त्यामुळे तुम्हाला दिलेल्या थोड्याशा माहितीवरून आपली शिल्लक बेरजेत धरली आहे की नाही हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता.

आता त्याच्या मर्यादा. हा पुरावा एका क्षणापुरता असतो. त्या दिवसासाठी कोणाकडून नाणी उसनी आणली आणि दुसऱ्या दिवशी परत केली, तरी पुरावा चोख दिसतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये असा संशय उघडपणे घेतला गेला. क्रिप्टो डॉट कॉम या एक्स्चेंजने ऑक्टोबरमध्ये ३ लाख २० हजार इथर नाणी गेट डॉट आयओ या दुसऱ्या एक्स्चेंजकडे पाठवल्याचे ब्लॉकचेनवर दिसले. ती चुकून गेली आणि परत घेतली, असा कंपनीच्या प्रमुखांचा खुलासा होता. खुलासा खरा मानला तरी एवढी रक्कम चुकून जाऊ शकते, हीच ग्राहकाने नोंद घ्यावी अशी बाब आहे.

दुसरी मर्यादा देण्यांची. कंपनीने बँकेकडून किंवा सावकाराकडून घेतलेले कर्ज मर्कल ट्रीमध्ये येत नाही. उणे शिल्लक असलेली खाती बेरजेत मिसळली, तर एकूण देणे प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते. एफटीएक्सच्या संगणक प्रणालीत अलामेडाला उणे शिल्लक ठेवण्याची खास मुभा होती, हे खटल्यात पुढे आले.

म्हणूनच अमेरिकेतल्या लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या पीसीएओबी या संस्थेने मार्च २०२३ मध्ये गुंतवणूकदारांना सावध केले की असे अहवाल म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये मझार्स या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने क्रिप्टो कंपन्यांसाठीचे हे काम थांबवलेही होते.

साठ्याचा पुरावा न देणाऱ्या एक्स्चेंजपेक्षा देणारे बरे. पण तो नियमित आहे का, देणीही दाखवतो का, तपासणारी संस्था त्रयस्थ आहे का आणि साठा बिटकॉइन-इथरसारख्या नाण्यांत आहे की कंपनीने स्वतः काढलेल्या टोकनमध्ये, हे पाहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अलामेडाच्या ताळेबंदात एफटीएक्सचेच एफटीटी टोकन मोठ्या प्रमाणात होते. त्याची किंमत एफटीएक्सवरच्या विश्वासाइतकीच होती. विश्वास गेला त्या आठवड्यात साठाही गेला.

‘विमा निधी’च्या आकड्यांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. एफटीएक्सच्या संकेतस्थळावर अशा निधीचा आकडा रोज बदलताना दिसे. सहसंस्थापक गॅरी वँग याने न्यायालयात साक्ष दिली की तो आकडा खरा नव्हता. दिवसभराच्या उलाढालीला यादृच्छिक संख्येने गुणून तो तयार केला जात होता. पडद्यावर हलणारा आकडा जिवंत हिशेबातूनच येतो असे नाही.

उलाढाल आणि चाव्या

नवखा ग्राहक अनेकदा सर्वाधिक उलाढालीचे एक्स्चेंज निवडतो, कारण गर्दी असेल तिथे विश्वास असेल असे त्याला वाटते. बिटवाइज या अमेरिकी कंपनीने मार्च २०१९ मध्ये तिथल्या रोखे आयोगापुढे ८१ एक्स्चेंजची तपासणी मांडली. जाहीर होणाऱ्या बिटकॉइन उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के बनावट किंवा निरर्थक होती आणि दहाच एक्स्चेंजचे आकडे भरवशाचे निघाले.

बिटवाइजने वापरलेल्या खुणा कोणालाही ओळखता येतील अशा आहेत. माणसे सौदे करतात तेव्हा ०.१, १ किंवा ५ नाणी अशा गोल आकड्यांचे सौदे जास्त असतात. बनावट उलाढालीत तसा कल दिसत नाही. खऱ्या बाजारात कधी खरेदीची लाट येते, कधी विक्रीची. बनावट बाजारात एक खरेदी आणि लगेच तेवढीच विक्री अशा जोड्या येत राहतात. खऱ्या गर्दीच्या बाजारात खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक अगदी थोडा असतो. प्रचंड उलाढाल सांगणाऱ्या ठिकाणी हा फरक मोठा असेल, तर गर्दीच नाही असे समजावे.

चाव्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. वझीरएक्सच्या चोरी झालेल्या वॉलेटला सहा स्वाक्षऱ्यांची, म्हणजे सहा चाव्यांची, व्यवस्था होती. पाच स्वाक्षऱ्या कंपनीच्या, सहावी लिमिनल या बाहेरच्या ताबेदार संस्थेची. कंपनीच्या तीन आणि लिमिनलची एक मिळाल्याशिवाय नाणे हलत नव्हते. कागदावर ही चांगली व्यवस्था आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे स्वाक्षरी करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि प्रत्यक्षात स्वाक्षरी दुसऱ्यावर झाली. चूक कोणाच्या बाजूने झाली यावर दोन्ही कंपन्यांचे एकमत झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचे म्हटले.

पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारीला, बायबिट या एक्स्चेंजवर जवळजवळ अशाच पद्धतीचा हल्ला झाला. सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, म्हणजे वझीरएक्सच्या सहापटीहून अधिक. तरी बायबिटने पैसे काढणे बंद केले नाही आणि काही दिवसांत कर्ज आणि खरेदीतून तूट भरून काढली. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्स्चेंजचे ४.४ कोटी डॉलर चोरीला गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातले होते, ग्राहकांच्या नाण्यांना धक्का लागला नाही आणि नुकसान आपल्या गंगाजळीतून सोसले, असे कंपनीने सांगितले.

यातून पारखीचा एक निकष मिळतो. हल्ला कोणावरही होऊ शकतो. ग्राहकाने पाहायचे ते हे की मोठी चोरी पचवण्याइतके स्वतःचे भांडवल कंपनीकडे आहे का आणि एकाच वॉलेटमध्ये किती साठा एकवटला आहे. वझीरएक्सच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ ४५ टक्के एका हल्ल्यात गेला. कंपनीचे स्वतःचे भांडवल तेवढे नव्हते, म्हणून तो भार ग्राहकांवर आला.

पैसे बाहेर येतात का?

सगळ्या अहवालांपेक्षा मोठी कसोटी एकच: मागितल्यावर पैसे मिळतात का आणि किती दिवसांत? टोकियोतले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गमावून दिवाळखोरीत गेले. पण डॉलर काढायला अडचण २०१३ च्या मध्यापासूनच येत होती. अडकलेले लोक तिथे बिटकॉइन विकत घेऊन ते बाहेर काढू लागले, त्यामुळे माउंट गॉक्सवर बिटकॉइनचा भाव इतर एक्स्चेंजपेक्षा बराच चढा राहू लागला. वर्तमानपत्रात काही छापून येण्याआधी भावातल्या या फरकाने सत्य सांगितले होते. क्वाड्रिगाच्या ग्राहकांनाही २०१८ मध्ये महिनोन्‌महिने पैशांसाठी थांबावे लागले आणि प्रत्येक वेळी बँकेचे कारण सांगितले गेले.

म्हणून मोठी रक्कम भरण्याआधी थोडी रक्कम भरून, नाणे घेऊन, ते स्वतःच्या वॉलेटमध्ये आणि विकलेले रुपये बँकेत काढून पाहावे. काही भारतीय ॲपवर नाणी बाहेर नेण्याची सोय फार मर्यादित असते. तिथे तुम्ही नाणे घेत नाही, भावावर पैज लावता. पण एकदा पैसे निघाले म्हणून निर्धास्त होऊ नये. बनावट ॲप चालवणाऱ्या टोळ्या पहिली छोटी रक्कम मुद्दाम देतात. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ओळख झालेला कोणी गोड बोलून ॲप सुचवतो, नफा वाढताना दिसतो, पाच हजार परतही मिळतात. मोठी रक्कम काढायला गेले की आधी वीस टक्के ‘कर’ किंवा ‘सुरक्षा ठेव’ भरा, असा निरोप येतो. स्वतःचेच पैसे काढायला आधी नवे पैसे मागणारी कंपनी फसवी आहे, इथे दुसरी शक्यता धरूच नये. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. सुरुवातीच्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

हमखास व्याजाचे आमिष हीही अशीच धोक्याची खूण. एफटीएक्सच्या ॲपवर ठेवींवर आठ टक्के मिळत होते. व्याज देणारा तुमची नाणी कोणाला तरी उसनी देतो किंवा त्यांवर सट्टा खेळतो. नाणी तिजोरीत पडून राहिली तर व्याज येणार कुठून?

नोंदणी म्हणजे संरक्षण नव्हे

भारतात अनेकांचा एक समज झाला आहे की सरकार कर घेते, म्हणजे क्रिप्टो आता मान्य आणि सुरक्षित आहे. क्रम नीट पाहावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला आणि १ जुलैपासून सौद्यावर एक टक्का टीडीएस. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंज काळ्या पैशाविरोधी कायद्याच्या, म्हणजे पीएमएलएच्या कक्षेत आली.

त्यानुसार एक्स्चेंजना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे नोंद करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये या संस्थेने नोंद न करता भारतीयांशी व्यवहार करणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या. त्यांत बायनान्सही होते. पुढे त्याने नोंद केली आणि जून २०२४ मध्ये त्याला १८.८२ कोटी रुपये दंड झाला. ही नोंद जरूर तपासावी, कारण नोंद नसलेले एक्स्चेंज भारतीय कायद्याला बाहेरूनच हुलकावणी देत असते. पण एफआययू पाहते ते ग्राहकाची ओळख आणि संशयास्पद व्यवहार. नाणी साठ्यात आहेत की नाहीत, हे पाहणे तिचे काम नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, शेअर दलालाविरुद्ध सेबीकडे तक्रार करता येते. क्रिप्टो खातेदाराला यांतले काहीच नाही. क्रिप्टोच्या जाहिरातींत सक्तीने येणारी सूचनाही हेच सांगते: ही उत्पादने अनियंत्रित आहेत आणि नुकसान झाल्यास दाद मागता येईलच असे नाही.

न्यायालये मात्र हळूहळू जमीन तयार करत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याला विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असे म्हटले.

नियमांनी काय साधते, याचे ठळक उदाहरण जपानचे आहे. माउंट गॉक्सनंतर जपानने कायदा बदलला आणि २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली. जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या तिथल्या एक्स्चेंजमधून सुमारे ५३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेल्यावर नियम आणखी कडक झाले: ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायची आणि तिचा बहुतांश भाग इंटरनेटशी न जोडलेल्या कोल्ड वॉलेटमध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाले, तेव्हा जगभरचे ग्राहक धनकोंच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांचे दावे त्या पडत्या दिवसाच्या भावाने धरले गेले. त्याच एफटीएक्सच्या जपानी कंपनीच्या ग्राहकांना २१ फेब्रुवारी २०२३ पासून आपली मालमत्ता परत काढता येऊ लागली. मालक तोच, नाव तेच, संकटही तेच. फरक केला तो तिजोरी वेगळी ठेवायला लावणाऱ्या कायद्याने.

किती ठेवायचे?

इतक्या तपासण्या करूनही शंभर टक्के खात्री देणारे एक्स्चेंज मिळणार नाही. प्रत्येक कसोटीला पळवाट आहे, हे वरच्या उदाहरणांतून दिसते. म्हणून कोणते एक्स्चेंज चांगले, या प्रश्नाला दुसरा जोडावा: इथे किती आणि किती दिवस ठेवायचे? सौद्यापुरते नाणे एक्स्चेंजवर आणि दीर्घकाळ ठेवायचे ते स्वतःच्या वॉलेटमध्ये, हा सर्वांत सुरक्षित शिरस्ता. मात्र स्वतःच्या वॉलेटची बारा किंवा चोवीस शब्दांची गुप्त ओळ हरवली, तर ती परत देणारे कोणी नसते. आपल्यामागे ती कोणाला कशी मिळेल, याची व्यवस्था घरात करून ठेवावी. खरेदी-विक्रीच्या नोंदी दर महिन्याला उतरवून घ्याव्यात. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात दिसतो का, हेही पाहावे. भारतीय एक्स्चेंजने कापलेला कर तिथे पोहोचत नसेल, तर ग्राहकांचा पैसाही जागेवर असेल असे मानायला आधार उरत नाही.

आणि एक मागणी आपण सर्वांनी मोठ्याने करायला हवी. नफ्याच्या ३० टक्क्यांवर हक्क सांगणाऱ्या सरकारने त्या नाण्यांच्या तिजोरीवर नजर ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी. १९९२ नंतर मुंबईच्या शेअरबाजारात दलाल आणि डिपॉझिटरी यांच्यात भिंत उभी राहिली, कारण लोकांचे पैसे बुडाले आणि संसदेत प्रश्न विचारले गेले. क्रिप्टोच्या बाजारात ग्राहकांची नाणी वेगळी ठेवण्याची सक्ती, त्रयस्थ लेखापरीक्षण आणि तक्रारीसाठी एक ठरलेली संस्था, या तीन गोष्टींचा कायदा होईपर्यंत वरची प्रत्येक तपासणी ग्राहकाने स्वतः करायची आहे. जे एक्स्चेंज या प्रश्नांची उत्तरे लेखी देत नाही, तिथे एक रुपयाही ठेवू नये.